खोपीतले चार दिवस

महिन्यातले चार दिवस चांगुणा माणसात यायची. बाकीचे दिवस ती रखमाजीच्या घरची सून होती.

घराच्या मागं, उकिरड्याच्या अलीकडं, बाभळीच्या मेढी रोवून वर उसाचं पाचट टाकलेली एक खोपी होती. आत एक पोतं, एक फाटकी घोंगडी, जर्मनची ताटली आणि पाण्याचं मडकं. कावळा शिवला की बाईनं तिथं जाऊन बसायचं आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं. घोडनदीच्या काठच्या वस्त्यांवर ही चाल एव्हाना सैल झाली होती. इतर घरच्या सासवा शहाण्या. त्या सुनेला चुलीला शिवू देत नसत, पण खुरपं हातात देऊन कांद्यात पाठवत. विटाळ कांद्याला लागत नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

रखमाजीच्या घरात तेवढं शहाणपण चालत नव्हतं. सगळे धनगर जमिनीला चिकटून शेतकरी झाले, तरी रखमाजीनं आपली मेंढरं मोडली नव्हती. घराशेजारीच काटेरी कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा होता. वाड्याच्या तोंडाशी बिरोबाचं ठाणं, आणि शेताला जायची वाटही त्या ठाण्यावरूनच. विटाळशीची सावली पडली तर गाभण मेंढ्या गाभडतात, अवेळी पिल्लं टाकतात, हे त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. तेव्हा चांगुणेनं चार दिवस घराला, वाड्याला, शेताला, कशालाच शिवायचं नाही. नुसतं बसायचं. बिरोबानं तिच्यावर केलेला एवढाच उपकार, आणि तोही त्याच्या ध्यानात नसावा.

एरवी तिचा दिवस कोंबड्याच्या आधी सुरू व्हायचा. पाणी, भाकरी, भांडी. मग वाडा झाडायचा, लेंड्यांच्या पाट्या डोक्यावरून उकिरड्यावर टाकायच्या, लंगड्या मेंढीच्या खुरातला पू काढायचा, कोकरांना पाला तोडून आणायचा. उन्हं वर आली की कुणाच्या तरी उसात रोजानं जायचं. संध्याकाळी परत भाकरी, परत वाडा. नवरा नवनाथ सणसवाडीला कंपनीत हेल्पर होता. तिथंच खोली करून चारपाच जणांत राहायचा आणि गुरुवारच्या सुट्टीला वस्तीवर यायचा. तो आला की रात्रीचंही काम असे.

खोपीत गेल्यावर पहिला दिवस चांगुणा मेल्यासारखी झोपायची. दुसऱ्या दिवशी जाग यायची तेव्हा उन्हं पाचटातून तिच्या पोटावर पडलेली असायची आणि तिला हाक मारणारं कुणी नसायचं. मग ती केस सोडून हळूहळू उवा काढी, नखांतली घाण काढी, नदीकडं बघत बसे. पोरगी धनश्री ताटली लांबूनच काठीनं आत सरकवायची आणि विचारायची,

"आई, तू आजारी हायस का?"

"न्हाई गं. बरी हाय," चांगुणा म्हणायची. आणि ते खरं होतं.

या चार दिवसांत वाडा झाडायचं काम सासूकडं, झुंबरबाईकडं यायचं. झुंबरबाईचा विटाळ सुटून कितीतरी वर्षं झालेली. त्यामुळं तिनं वाड्यात जायला देवाची हरकत नव्हती. हरकत तिच्या गुडघ्यांची होती. खराटा घेऊन ती ओणवी झाली की खोपीच्या दिशेनं तोंड करून बोलायला लागायची.

"पड, पड. राणी हाईस तू. हितं म्हातारीचा जीव चाललाय आन् ही मागं हवा खात बसलीय. आमाला न्हवतं का कधी? का आमाला दगडाची पिशवी दिली हुती देवानं?"

चांगुणा ऐकून घेई. शिव्यांनी झोप मोडत नाही, हे तिला फार लवकर समजलं होतं.

*

त्या साली पावसानं तोंड दाखवलं नाही. घोडनदीचं पात्र उघडं पडलं. टेकाडावर, जिथं पूर्वी पुण्याची शिकलेली मंडळी खड्डे खणून जुनी मडकी काढून घेऊन गेली होती, तिथं आता गवताची काडी नव्हती. वस्तीला टँकर यायचा आणि घागरींची रांग लागायची.

त्यातच मेंढ्या गाभडायला लागल्या. पहिली गाभडली तेव्हा रखमाजी म्हणाला, चारा नाही म्हणून. मग दुसरी, तिसरी. रखमाजी सकाळी वाड्यात गेला की त्याला केस न फुटलेलं, गुलाबी, ओलं पिल्लू मातीत पडलेलं दिसे. तो ते उचलून पटक्याच्या सोग्यात घ्यायचा आणि रडायचा. चांगुणा या घरात आली त्या सालापासून तिनं सासऱ्याला दुसऱ्या कशासाठी रडताना पाहिलं नव्हतं.

सर्जेराव भगताला बोलावलं. त्यानं ठाण्यापुढं भंडारा उधळला, अंगात आणलं, आणि डोळे न उघडता म्हणाला,

"घरात ओल हाय. बाईची ओल हाय. कोरडं करा."

झुंबरबाईनं चांगुणेकडं पाहिलं. चांगुणेच्या अंगावरून पांढरं जात होतं, कंबर भरून यायची, आणि हे झुंबरबाईला ठाऊक होतं, कारण दोरीवर वाळणाऱ्या सुनेच्या चिंध्या ती नाकाजवळ नेऊन बघायची.

"म्हंजी चार दिस खोपीत बसती त्ये नावालाच," ती म्हणाली. "हिचा विटाळ महिनाभर चालूच हाय की. आन् ही खुशाल माझ्या मेंढरांत फिरती."

त्या दिवसापासून चांगुणेला वाडा बंद झाला. तिला वाटलं, एक काम कमी झालं. पण वाड्याच्या बदल्यात टँकरचं सगळं पाणी तिच्या डोक्यावर आलं आणि आणखी एका शेतातला रोज. आणि वाड्यातला खराटा बाराही महिने झुंबरबाईच्या हातात गेला. म्हातारी रात्री गुडघ्यांना रुईची पानं बांधून कण्हायची. त्या कण्हण्यातच चांगुणेच्या नशिबात काय लिहायचं, ते ठरत होतं.

*

जीप आली ती बाजाराच्या दिवशी. वर कर्णा बांधलेला. त्यातून एक बाई गोड आवाजात सांगत होती, "महिला भगिनींनो, अंगावरून जाणे, कंबरदुखी, पाळीचे त्रास अंगावर काढू नका. शिरूरच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी. शाळेच्या आवारात." जीप वस्तीवस्तीवरून हिंडली. जे शब्द बायका एकमेकींच्या कानात बोलत, ते कर्ण्यातून ऐकून बाप्ये माना खाली घालून तंबाखू मळायला लागले.

झुंबरबाई सुनेला घेऊन गेली. शाळेच्या वर्गात पडदा लावला होता. तिथल्या नर्सनं तपासलं आणि गोळ्यांची दोन पाकिटं दिली. एक चांगुणेला, एक तिच्या नवऱ्याला. दोघांनीही घ्यायच्या, नाहीतर परत होईल, असं दोनदा सांगितलं.

"नवऱ्याला कशापाई?" झुंबरबाई म्हणाली. "त्येच्या अंगावरनं जातंय व्हय?"

रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. नर्सनं पुढचीला हाक मारली, तिच्यापुढं अजून निम्मा गाव उभा होता.

चांगुणेनं आपल्या गोळ्या घेतल्या आणि तिला खरंच बरं वाटलं. आठवडाभर चिंधी कोरडी राहिली. गुरुवारी नवनाथ आला. तिनं त्याचं पाकीट पुढं केलं.

"मला काय झालंय?" तो म्हणाला.

"दोघांनी घ्यायच्या म्हणल्यात."

"तिकडं रूमवर पोरांनी बघितलं तर काय म्हणतील? बाईच्या गोळ्या खातोय म्हणून?" त्यानं पाकीट आढ्याच्या फटीत खोचलं आणि दिवा मालवला. पुढच्या गुरुवारपर्यंत चांगुणेचं पांढरं पुन्हा सुरू झालं होतं. सणसवाडीत तो कुठं कुठं जात होता ते तिनं कधी विचारलं नाही. विचारून खाटेवरची जागा काही बदलणार नव्हती.

झुंबरबाईनं मात्र निकाल काढला. "गोळ्यांनी भागत न्हाई. शिरूरलाच न्यायची."

*

शिरूरचा दवाखाना बसस्टँडच्या मागं होता. भिंतीवर गोऱ्यापान गुटगुटीत बाळांची चित्रं, आणि बाकावर ओळीनं काळ्यासावळ्या वाळलेल्या बायका. सोनोग्राफी झाली. डॉक्टर पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्यानं विचारलेलं सगळं चांगुणेला आणि उत्तरं सगळी झुंबरबाईची.

"थोडी सूज आहे," डॉक्टर म्हणाला. "औषधानं उतरेल. पण दोघांनी पूर्ण कोर्स घ्यायचा."

"गोळ्या झाल्यात घिऊन. काढूनच टाका पिशवी."

"मुलं?"

"दोन. पोरगी हाय, पोरगा हाय. पोरं बंद व्हायचं आपरेशनबी झालंय. आता त्या रिकाम्या पिशवीचं काय लोणचं घालायचंय?"

डॉक्टर हसला. "वय काय बाईंचं?"

"आसंल की पस्तीस-चाळीस."

"न्हाई वो," चांगुणा पहिल्यांदाच बोलली. "अजून तीसबी न्हाई—"

"गप बस. तिला काय कळतंय, डागदर. तिचं लगीन म्या लावलंय."

डॉक्टरनं चांगुणेकडं पाहिलं. उन्हानं करपलेली, गालफडं बसलेली, पण तोंडावरून वय लपत नव्हतं. त्याला ते दिसलं नाही असं कुणी म्हणू नये. दोन पोरं झालेल्या बायका त्यानं हजारांनी पाहिल्या होत्या. त्यानं कागदावर अडतीस लिहिलं.

"तसं पुढं कॅन्सरचा धोका असतोच म्हणा," तो म्हणाला. "काढली तर कायमची काळजी मिटते."

कॅन्सर म्हटल्यावर झुंबरबाईनं सुनेकडं विजयी नजरेनं पाहिलं. चांगुणेनं मात्र वेगळंच विचारलं.

"डागदर, पिशवी काढल्यावर कावळा शिवत न्हाई व्हय?"

"कसा शिवणार? सुटलात कटकटीतून."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

 भगताची ओल घालवायला झुंबरबाई आली होती, इथं तर पुरा विटाळच जायचा होता. बाराही महिने शुद्ध, तरणी, गुडघे शाबूत असलेली बाई वाड्यात. एवढा फायदा तोवर तिच्या ध्यानात आला नव्हता. परत येताना एसटीत तिनं सुनेला आपल्या हातानं पेरू घेऊन दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं चांगुणेला असं काही पहिल्यांदाच दिलं होतं. चांगुणेला तो खाववेना.

*

गुरुवारी ती नवऱ्याला म्हणाली, "मला न्हाई काढायची."

"का? दुखतंय तर काढायची. आमच्या कंपनीत पार्ट खराब झाला तर काढूनच टाकत्यात. मशीन थांबवून चालतंय व्हय?"

"त्या गोळ्या दोघांनी घेऊन बघू. तेवढं ऐका."

"परत तेच. खरं सांग, भीती वाटती?"

 बोलावं की नाही चांगुणेला कळेना. शेवटी माणूस आपलाच आहे असं समजून तिनं सांगितलं, आणि तिथंच ती चुकली.

"म्हंजी, चार दिस खोपीत पाठ टेकायला मिळती. तेवढीच. ती बी गेली तर मग म्या कवा निजायचं?"

नवनाथ हसत सुटला. त्यात दुष्टपणा नव्हता. त्याला खरंच गंमत वाटली होती. आणि गंमत होती म्हणून त्यानं ती जेवताना आईला सांगितली.

"ऐकलं का वो?" झुंबरबाईनं रखमाजीला हाक मारली. "सुनेला निजायला विटाळ पाहिजे. देवाच्या मेंढ्या मेल्या तरी चालंल, हिची झोप मोडाया नको."

रखमाजीनं भाकरीचा घास तसाच हातात धरला. "झोपेपायी?" एवढंच तो म्हणाला आणि सुनेकडं असं पाहिलं, जणू वाड्यातलं एकेक मेलेलं पिल्लू तिनंच हातानं मारलं असावं. पोरं ताटावरून आईकडं बघत होती. त्या घडीला धरणीनं पोटात घेतलं असतं तर चांगुणेला बरं वाटलं असतं. त्यानंतर ती ऑपरेशनबद्दल एक अक्षर बोलली नाही.

ऑपरेशनच्या पैशासाठी दोन मेंढ्या खाटकाला गेल्या. दोन्ही भाकड होत्या, त्यामुळं रखमाजीला फारसं वाईट वाटलं नाही.

दवाखान्यात नवनाथनं सही केली. चांगुणेचा अंगठा नर्सनं शाईत बुडवून कागदावर टेकवला. ती सातवीपर्यंत शिकलेली होती, सही छान करायची, पण तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. कमरेत सुई टोचली. पाय आपले राहिले नाहीत. हिरव्या पडद्यापलीकडं भांडी वाजल्यासारखा आवाज येत होता आणि डॉक्टर कुणाशी तरी जेजुरीच्या रस्त्याबद्दल बोलत होता.

बाहेर नवनाथला बोलावून ट्रेमध्ये पिशवी दाखवली. दोन्ही बाजूंच्या गाठीही, म्हणजे अंडाशयं, काढल्यात, पुन्हा कटकट नको, असं सांगितलं.

"पुण्याला तपासायला पाठवायची का?" डॉक्टरनं विचारलं.

"कशाला आता? काढली न्हवं."

मग आयानं ती काळ्या कॅरीबॅगेत घालून त्याच्या हातात दिली.

चांगुणा शुद्धीवर नीट आली तेव्हा तिनं पहिलं तेच विचारलं. "कुठं पुरली?"

"कशाला पुरायची?" नवनाथ म्हणाला. "पुलावरनं टाकली."

घोडनदीला पाणी नव्हतं. पुलाखाली कुत्री हिंडत असतात, हे दोघांनाही माहीत होतं. तिच्या दोन्ही पोरांची वार झुंबरबाईनंच परसात खड्डा करून हळदकुंकू वाहून पुरली होती. गाभडलेली पिल्लंसुद्धा रखमाजी बांधाला पुरायचा. चांगुणा भिंतीकडं तोंड करून पडली. नर्सला वाटलं, टाके दुखतात म्हणून रडते.

*

डॉक्टरनं सांगितलं होतं, दीड महिना जड उचलायचं नाही. झुंबरबाईनं पहिले काही दिवस भाकरी हातात आणून दिली, हे खोटं नाही. मग एका गुरुवारी सकाळी ती दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाळंतीणबी सव्वा महिन्यात उठती. आन् तू तर काय जल्मालाबी घातलं न्हाईस."

त्या दिवशी वाड्याच्या तोंडाशी नारळ फोडला. वस्तीवरच्या बायका बोलावल्या. बिरोबापुढं चांगुणेच्या कपाळाला भंडारा लावला, ओटी भरली, आणि झुंबरबाईनं आपल्या हातातला खराटा तिच्या हातात दिला. म्हातारीचे डोळे खरोखर भरून आले होते.

"इतक्या तरण्या वयात विटाळ सुटला. भाग्य लागतं," शेजारची सगुणाबाई म्हणाली. मग हळूच विचारलं, "किती दिस ठेवून घेत्यात गं दवाखान्यात? आमच्या पूनमचीबी कंबर लई दुखती."

सगुणाबाईची सून पूनम घोळक्याच्या मागं उभी होती. चांगुणेहून लहान. आपलं नाव ऐकून तिनं दचकून चांगुणेकडं पाहिलं. चांगुणेला तिला काहीतरी सांगायचं होतं. पण सासू बाजूला, नवरा समोर, आणि कपाळावर देवाचा भंडारा. ती खराटा घेऊन वाड्यात वाकली.

पहिली पाटी उचलली तेव्हा पोटात काहीतरी उसवल्यासारखं झालं. लुगड्याला ओलं लागलं, टाक्यांतून पाणी येत होतं. तिनं वर जुनं धडपं बांधलं आणि दुसरी पाटी उचलली. पाण्याच्या घागरी, रोज, चूल, सगळं होतं तसंच होतं. त्यात वाडा परत आला. म्हातारीनं मात्र त्या दिवशी जी बाज धरली ती कायमची. शिरूरला कुणाची सून न्यायची असली की तेवढी उठायची, बरोबर जायची, बसमध्ये पुढची सीट धरायची. तिनं नेलेल्या बायकांत पूनमही होती. दवाखान्यानं झुंबरबाईला भिंतीवरचं एक घड्याळ भेट दिलं. त्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. रखमाजीनं ते देवाच्या फोटोशेजारी टांगलं.

चांगुणेला दिवस कळेनासे झाले. पूर्वी कितीही कामं असली तरी पुढं कुठंतरी खोपी दिसायची आणि तिथवर जीव ओढत नेता यायचा. आता दिवसामागून दिवस नुसते येत राहिले. अंगाचा अधूनमधून भडका उडायचा. भर थंडीत घामानं न्हाऊन निघायची आणि घटकेत हुडहुडी भरायची. हाडं दुखायची. केस मुठीनं यायला लागले. झुंबरबाईला तिनं एकदा सांगितलं.

"आत्याबाई, अंगाची लई आग हुती वो."

"वाड्यात उनात कशाला बसती मग? बिगीबिगी झाडावं आन् सावलीला यावं."

आणि मेंढ्या गाभडायच्या थांबल्या नाहीत. वाडा कोरडा झाला होता, भगताचं समाधान झालं होतं, तरी पिल्लं पडतच होती. शेवटी रखमाजी स्वतः शिरूरला जाऊन जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला. त्यानं रक्त तपासायला नेलं आणि दोन दिवसांनी येऊन सांगितलं, की कळपात रोग आहे. बाजारातून आणलेल्या नर मेंढ्यानं आणला असणार. मेंढ्याला बाजूला काढा, पडलेलं पिल्लू उघड्या हातानं उचलू नका.

चांगुणा पाटी घेऊन तिथंच उभी होती. तिनं विचारलं, "बाईच्या विटाळानं न्हाई हुत?"

"विटाळाचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाला. "नराकडून येतो हा. नर बदला."

रखमाजीनं नर बदलला. कळप सुधारला. चांगुणेनं त्या दिवशी संध्याकाळी सासूकडं नुसतं पाहिलं. पण झुंबरबाईला तेवढं कळत होतं.

"मंग काय झालं?" ती बाजेवरून म्हणाली. "काढलीच हाय तर काढली. तुझं दुखणं गेलं न्हवं? आता ती काय परत बसवायचीय?"

*

माघात धनश्री न्हाती झाली. उसाच्या बांधावर कपड्याला डाग दिसला आणि पोरगी रडत घरी आली. झुंबरबाईनं आनंदानं लांबूनच पोरीच्या तळव्यावर साखर टाकली, मग खोपीकडं बोट केलं. "जा खोपीत. कशाला शिवू नगंस."

खोपीचं पाचट उडालं होतं. चांगुणेनं वर चढून नवं पाचट टाकलं, पोतं झटकलं, घोंगडी उन्हात घातली. किती महिन्यांनी ती खोपीत पाय ठेवत होती. पोरगी आत गेली आणि कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणेनं तिची ताटली नेली. काठीनं आत सरकवायची ती तिनं हातानं आत नेली. पोरगी ओरडली, "आई, शिवशील!"

"शिवू दे."

ती पोरीशेजारी पोत्यावर बसली. मग तिनं पोरीला जवळ ओढलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतः मेढीला टेकली. आता तिलाही विटाळ झाला होता. विटाळशीला शिवलेल्या बाईला वाड्यात जाता येत नाही, हे तिला सासूनंच शिकवलं होतं. बिरोबाचा कायदा अजून तोच होता. उन्हं पाचटातून पोटावर पडली, जिथं टाक्यांचा व्रण होता तिथं. नदीकडून वारा येत होता. चांगुणेला कळायच्या आत झोप लागली, तोंड उघडं टाकून, पूर्वीसारखी.

"आई, ऊठ. आजी आली," धनश्री तिला हलवत होती.

झुंबरबाई खोपीच्या दाराशी उभी होती. तिच्या हातात टँकरच्या पाण्याची भरलेली बादली होती. इतक्या महिन्यांत तिनं आपल्या हातानं काही उचललेलं चांगुणेनं पाहिलं नव्हतं. म्हातारीनं सुनेला बारकाईनं न्याहाळलं. तिला सगळं कळलं होतं, आणि राग आल्याचं तोंडावर कुठंच दिसत नव्हतं.

"हिकडं ये. भाईर."

चांगुणा बाहेर आली. झुंबरबाईनं थंडगार पाण्याची ती बादली तिच्या डोक्यावर उपडी केली. अंगाची आग होणारी बाई, पण त्या पाण्यानं तिचा श्वास अडकला. म्हातारीनं कमरेचा भंडारा काढून चिमूटभर तिच्या ओल्या कपाळाला लावला.

"झालीस शुद्ध. जा, मेंढरं वाट बघत्यात." मग रिकामी बादली तिच्या पायाशी ठेवली. "आन् आधी ही भरून ठिव. तुज्यापायी सांडलंय पाणी. उद्या परत शिवलीस तर परत वतीन. माझी वतायला ना न्हाई, भरायला तूच हाईस."

ती गुडघे धरत घराकडं गेली.

चांगुणा ओल्या लुगड्यानं तशीच उभी राहिली. पाणी केसांतून पाठीवर उतरत होतं. खोपीतून धनश्री उठायला लागली.

"आई, म्या येऊ पाणी भरायला?"

"न्हाई," चांगुणा म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तू तिथंच बस. कुणी हाक मारली तरी उठू नगंस. तुझं चार दिस हायत, झोपून घे."

मग तिनं बादली उचलली आणि टँकरच्या रांगेकडं चालू लागली.